अर्ध्या गुणाचं शहाणपण

पॅरिस ऑलिंपिकमधल्या सिमोन बाइल्सच्या पदकांचं श्रेय सगळ्यांनी जिद्दीला दिलं. पण अडलेलं शरीर पुन्हा हवेत कसं झेपावतं, हे समजून घ्यायचं तर पॅरिसच्या दहा महिने मागे, अँटवर्पला जावं लागेल.

पॅरिसच्या बेर्सी अरीनातली जिम्नॅस्टिक्स स्पर्धा ५ ऑगस्ट २०२४ रोजी संपली. सिमोन बाइल्सच्या खात्यात तीन सुवर्णपदकं आणि एक रौप्य जमा झालं. टोकियो ऑलिंपिकमध्ये स्पर्धा अर्ध्यावर सोडलेली हीच ती खेळाडू. त्यामुळे आठवडाभर मथळ्यांमधून ‘जिद्द’, ‘मनोबल’, ‘पोलादी मन’ हे शब्द फिरत राहिले. मला हे शब्द अपुरे वाटतात. लहान मुलांना शिकवणाऱ्यांच्या तोंडी तर ते घातकही ठरतात, कारण त्यांतून एकच अर्थ निघतो : जो अडला, त्याच्यात जिद्द कमी होती.

ऑक्टोबर २०२३. अँटवर्पची जागतिक स्पर्धा. बाइल्स तो व्हॉल्ट मारणार होती, जो आज तिच्या नावाने ओळखला जातो : उलट्या बाजूने टेबलावर हात टेकवून वर उसळायचं आणि पाय सरळ ठेवून हवेत मागच्या मागे दोन कोलांट्या घ्यायच्या. फिरकी कमी पडली तर उतरताना आधी डोकं किंवा मान खाली येते. तिचे प्रशिक्षक लॉराँ लांदी उतरण्याच्या मॅटवर जाऊन उभे राहिले. प्रशिक्षक तिथे उभा राहिला की अर्धा गुण कापायचा, हा नियम त्यांनाही ठाऊक होता आणि तिलाही. जिथे पदकं दशांशाच्या फरकाने हुकतात, तिथे त्यांनी अर्धा गुण जाणूनबुजून सोडला. लांदींनी तिला हातही लावला नाही. ते फक्त जवळ होते.

माझ्या मते पॅरिसच्या सुवर्णपदकांची पायाभरणी त्या अर्ध्या गुणात आहे.

हवेत हरवणं

टोकियोत काय झालं ते सर्वांना माहीत आहे, कसं झालं ते कमी जणांना. २७ जुलै २०२१ रोजी सांघिक अंतिम फेरीत तिला हवेत अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या. घेतल्या गेल्या दीड. जमीन कुठे आहे आणि आपण कुठे आहोत, याचा पत्ताच तिला हवेत लागला नाही. कशीबशी ती पायांवर उतरली. जिम्नॅस्ट या अवस्थेला ‘ट्विस्टीज’ म्हणतात.

व्हॉल्टवरचं उड्डाण जेमतेम सेकंदभराचं असतं. डोळ्यांनी पाहून हालचाल बदलायला मेंदूला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे हवेत विचार करायला सवड जवळपास नसतेच. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिका फिरण्याचा वेग सांगतात, स्नायू आणि सांधे अवयवांची स्थिती कळवतात, आणि लहान मेंदू हजारो सरावांवरून बांधलेल्या अंदाजाशी हे सगळं क्षणार्धात ताडून पाहतो. हा अंदाज विस्कटला की कालपर्यंत हातची असलेली उडी आज परकी होते.

हे फक्त बाइल्सचं दुखणं नाही. ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणाऱ्यांमध्ये त्याला ‘लॉस्ट मूव्ह सिंड्रोम’ म्हणतात आणि त्यावर २००६ मध्ये ब्रिटनमध्ये शोधनिबंधही निघाला. दुसरा प्रकार जास्त आढळतो, तो म्हणजे अडून बसण्याचा. दहा सेंटिमीटर रुंदीच्या, सव्वा मीटर उंच बीमवर मुलगी उभी राहते. हात वर घेते. मागे झेपावायचं असतं, पण शरीर हलत नाही. कालपर्यंत ती हीच बॅक हँडस्प्रिंग सहज मारत होती. मागे जाणाऱ्या हालचालींत हे विशेष घडतं, कारण जिथे हात टेकवायचे ती जागा निघताना दिसत नाही.

मास्टर्सचा प्रयोग

या विषयावर जेवढं वाचलं, त्यात रिचर्ड मास्टर्स या मानसशास्त्रज्ञाचा १९९२ मधला एक प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रयोग गोल्फचा आहे, पण प्रत्येक व्यायामशाळेच्या भिंतीवर त्याचं सार लिहून ठेवावं असा आहे.

मास्टर्सने गोल्फ अजिबात न येणारी माणसं घेतली. एका गटाला चेंडू खळग्यात कसा घालवायचा याच्या तपशीलवार सूचना दिल्या : पकड अशी, खांदा असा, नजर इथे. दुसऱ्या गटाला सूचना तर नाहीतच, उलट चेंडू मारत असताना तोंडाने सतत कुठलीही अक्षरं उच्चारत राहायला लावलं. हेतू हा की मन तिकडे गुंतावं आणि ‘मी हे कसं करतो’ याचे नियम डोक्यात तयारच होऊ नयेत. दोन्ही गट शिकले. मग मास्टर्सने ताण आणला. पैसे पणाला लागले, जाणकार माणूस परीक्षण करणार असं सांगण्यात आलं. सूचनांवर शिकलेला गट अडखळला. ज्यांना आपण काय करतो हे शब्दांत सांगता येत नव्हतं, त्यांचा हात मात्र ढळला नाही.

मास्टर्सने यातून मांडलेला सिद्धांत असा : ताणाखाली माणूस अंगवळणी पडलेली हालचाल पुन्हा जाणिवेच्या ताब्यात घेतो, तिचे तुकडे करतो आणि एकेक तुकडा स्वतः चालवू पाहतो. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करू लागलं की पाय अडखळतो, तसंच हे. आता बीमवर अडलेल्या मुलीला आपण काय सांगतो ते आठवून पाहा. ‘हात कानाजवळ! खांदे उघड! ढुंगण मागे! गुडघे जुळव!’ ती अडली आहे विचारांच्या गर्दीमुळे आणि आपण त्या गर्दीत भर घालतो.

चेंडू हुकला तर मान मोडत नाही, उडी हुकली तर मोडू शकते. म्हणून मास्टर्सच्या सिद्धांताला इथे भीतीच्या शास्त्राची जोड द्यावी लागते. मुलगी हात वर घेते, थांबते, हात खाली घेते. त्या क्षणी तिला सुटल्यासारखं वाटतं, आणि ही सुटकाच मेंदूला बक्षिसासारखी मिळते. टाळण्याला असं बक्षीस मिळत गेलं की भीती घट्ट होते, हे मानसशास्त्रज्ञ ओ. एच. मौरर यांनी १९४७ मध्येच मांडलं होतं. बीमवर उभं राहून वीस वेळा अडणं हा अडण्याचाच सराव ठरतो.

दुसरी गोष्ट मानसशास्त्रज्ञ मार्क बूटन यांच्या संशोधनातली. भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी ‘इथे धोका नाही’ अशी नवी शिकवण तयार होते, आणि ती जिथे शिकली त्या जागेला चिकटलेली असते. म्हणून फोमच्या खड्ड्यावर सहज होणारी उडी स्पर्धेच्या मॅटवर पुन्हा अडते. पालक म्हणतात, ‘काल तर करत होतीस, आज नखरे कशाला?’ त्यात नखरे नसतात. मेंदूने कालचा धडा कालच्या जागेपुरता घेतलेला असतो.

पायऱ्या उतरून वर चढणं

यातून मार्ग निघतो आणि चांगले प्रशिक्षक तो अनुभवाने ओळखतात. जिथे भीती वाटत नाही तिथपर्यंत मागे जायचं : जमिनीवरची रेघ, मग जमिनीलगतचा बीम, मग दोन्ही बाजूंनी मॅट रचून बरोबरीला आणलेला उंच बीम. मग एकेक मॅट काढायची. प्रत्येक पायरीवर मोजके प्रयत्न करायचे आणि जमलेल्या उडीवर थांबायचं. सूचना एकच, तीही एका शब्दाची. आधार देणारा हात हळूहळू दूर न्यायचा : आधी पाठीला, मग बोटभर अंतरावर, मग नुसतं शेजारी उभं राहणं. लांदी अँटवर्पमध्ये या शेवटच्या पायरीवर उभे होते. फरक इतकाच की त्यांनी ही पायरी भर जागतिक स्पर्धेत, गुण मोजून वापरली.

बाइल्सने टोकियोतही हेच केलं होतं. जुन्तेन्दो विद्यापीठाच्या जिममध्ये, मऊ खड्ड्यावर तिने गिरक्या परत आणण्याचा प्रयत्न केला. त्या आल्या नाहीत, तेव्हा बीमवरून उतरण्याची गिरकी तिने काढूनच टाकली, बिनगिरकीची दुहेरी कोलांटी घेतली आणि कांस्य मिळवलं. पुढे दोन वर्षं ती स्पर्धेपासून दूर राहिली आणि तिने मानसोपचार घेतले. पॅरिसमध्ये सांघिक अंतिम फेरीच्या सकाळीही आपण थेरपिस्टशी बोललो, हे तिने उघडपणे सांगितलं. संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्या अत्याचारांबद्दल अमेरिकी सिनेटसमोर साक्ष देणारी ही मुलगी आहे. तिच्या हवेतल्या गोंधळाची मुळं फक्त जिममध्ये शोधणं अन्यायाचं होईल.

कधीकधी शहाणपण उडी सोडण्यात असतं. ब्रिटिश डायव्हर टॉम डेलीला २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये एका गिरकीच्या उडीच्या वेळी कॅमेऱ्यांच्या फ्लॅशचा त्रास झाला. पुढे त्याच उडीची त्याला धास्ती बसली. अखेर त्याने ती उडी यादीतून काढली आणि दुसरी बसवली. टोकियोत त्याने मॅटी ली याच्या साथीने सुवर्ण जिंकलं.

भीती खरं बोलत असेल तेव्हा

इथे एक नाव घेतल्याशिवाय हा लेख पूर्ण होऊ शकत नाही. येलेना मुखिना, १९७८ ची जगज्जेती. मॉस्को ऑलिंपिकच्या काही दिवस आधी, ३ जुलै १९८० रोजी मिन्स्कमध्ये ‘थॉमस साल्टो’चा सराव करताना ती हनुवटीवर आदळली आणि तिची मान मोडली. पायाचं आधीचं दुखणं पुरतं बरं झालं नव्हतं. या उडीत मान मोडेल असं आपण प्रशिक्षकांना वारंवार सांगत होतो, हे तिने नंतर मुलाखतीत सांगितलं. उरलेलं आयुष्य तिने अंथरुणावर काढलं आणि २००६ मध्ये ती गेली. तिची भीती शंभर टक्के खरी होती. ऐकणारं कोणी नव्हतं.

म्हणून अडलेल्या मुलाला पहिला प्रश्न ‘घाबरतोस काय?’ हा नसावा. पाय दुखतोय का, झोप झाली का, उडीची तयारी पुरती झाली आहे का, घरी किंवा जिममध्ये काही घडलंय का, हे आधी विचारायचं. या सगळ्याची उत्तरं समाधानकारक आली, तरच पायऱ्यांचं काम सुरू करायचं.

पॅरिसमध्ये भारताचा एकही जिम्नॅस्ट नव्हता. आगरताळ्याची दीपा कर्माकर, जिने २०१६ मध्ये रिओत ‘प्रोदुनोव्हा’सारखा धोकादायक व्हॉल्ट मारून अवघ्या ०.१५ गुणाने कांस्य गमावलं, तिने मे २०२४ मध्ये ताश्कंदमध्ये आशियाई सुवर्ण जिंकलं. रिओच्या वेळी आपण सगळ्यांनी तिच्या धाडसाचं कौतुक केलं. तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी वर्षानुवर्षं रचलेल्या पायऱ्यांबद्दल त्या मानाने फारच कमी बोललो. प्रोदुनोव्हाला दिलेलं ‘मृत्यूचा व्हॉल्ट’ हे नाव मथळ्यात शोभतं, पण ते वाचून एखादा उत्साही प्रशिक्षक तयारीशिवाय मुलाला टेबलावर चढवत असेल, तर तो दोष त्या नावाला भुललेल्या आपल्या सर्वांचा आहे.

आपल्याकडे मल्लखांबाची परंपरा आहे, ठाणे-पुण्यापासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत जिम्नॅस्टिक्सचे वर्ग भरलेले असतात. त्यांतल्या प्रत्येक ठिकाणी आज ना उद्या एखादं मूल अडणार आहे. त्या वेळी लागणाऱ्या गोष्टी फार महागड्या नाहीत : भरपूर मॅट, फोमचा खड्डा, एका प्रशिक्षकामागे मोजकीच मुलं आणि स्पर्धा पुढच्या वर्षी खेळू असं म्हणू शकणारे पालक. यांतली शेवटची गोष्ट तर फुकट आहे. जगातल्या सर्वांत यशस्वी जिम्नॅस्टला जागतिक स्पर्धेत अर्धा गुण सोडणं परवडलं. जिल्हा पातळीवरच्या दहा वर्षांच्या मुलीला तो सोडू द्यायला आपण तयार असलं पाहिजे.