चारही चाकं ओढणारी जीप टोचन करताना



जीप बंद पडली की आपल्याकडं पहिली हाक ट्रॅक्टरवाल्याला जाते. साखळी आणा, टोचन करा, आणि चला मांजरसुंब्याला नाहीतर बीडला गॅरेजात. साध्या गाडीला हे एकवेळ चालून जातं. पण जिच्या चारही चाकांना इंजिनाची ताकद जाते, म्हणजे जिला आपण फोर-बाय-फोर म्हणतो, ती गाडी अशी ओढली तर मूळ बिघाड राहतो बाजूला आणि गिअरबॉक्सचा खर्च अंगावर येतो. उतारावर तर जिवावरही बेतू शकतं. म्हणून हे चार शब्द.

महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. तेव्हापासून या गाड्यांची मूळ रचना पुष्कळशी तीच आहे. मुख्य गिअरबॉक्सच्या मागं दुसरी एक पेटी असते, ट्रान्स्फर केस. तिच्यातून एक दांडा पुढच्या चाकांकडे जातो आणि एक मागच्या. या दांड्यांना मिस्त्री प्रोपेलर शाफ्ट म्हणतात.

आता नीट लक्ष द्या. इंजिन बंद असलं तरी चाक जमिनीवर फिरलं की दांडा फिरतो आणि दांड्याबरोबर आतले दातेही फिरतात. मुख्य गिअरबॉक्समधलं तेल वर उडवण्याचं काम बहुतेक गाड्यांत इंजिनावर फिरणारे खालचे दाते करतात. इंजिन बंद म्हणजे ते थांबलेले. वरचा शाफ्ट मात्र चाकांमुळं कोरडाच गरगरतो. बैलगाडीच्या आसाला वंगण न देता दहा कोस जावं, तसाच हा प्रकार. गिअर न्यूट्रलला आहे, मग काय होतंय, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मुख्य गिअर न्यूट्रल केल्यानं ही कोरडी फिरणी थांबत नाही.

क्रेनवाला गाडीचं तोंड उचलून नेतो, किंवा काही ठिकाणी दोन चाकांच्या छोट्या गाड्यावर पुढची चाकं चढवून आवळतात. दोन्हीत मागची चाकं रस्त्यावर फिरतातच. त्यात फोर-व्हीलचा लिव्हर लागलेला राहिला तर फारच वाईट. मागचा दांडा फिरतो आणि तो ट्रान्स्फर केसमधून पुढचा दांडा फिरवायला बघतो, पण पुढची चाकं तर बांधलेली. मग एक तर पेटी फुटते, नाहीतर पुढची चाकं बांधणी तोडून गाड्यावरून निसटतात.

यावर खरा उपाय एकच, सपाट पाठीच्या ट्रकवर चारही चाकं उचलून न्यावी. पैसे जास्त जातील, पण लांबचा पल्ला असेल तर तेच करा. ऑटोमॅटिक गिअरची गाडी, किंवा जिच्या चारही चाकांना ताकद कायम जोडलेली असते ती गाडी, दुसऱ्या कुठल्या रीतीनं हलवूच नका. तोंड उचलूनच न्यायची वेळ आली तर मिस्त्रीकडून मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडवून घ्या. सोडण्याआधी जोडावर खडूनं नव्हे, छिन्नीनं खूण करा. खडू पुसला जातो. काही गाड्यांत दांडा थेट पेटीतून उपसून निघतो, तिथं तेल गळतं, ते भोक बंद करायला सांगा.

चारही चाकांवर थोडंच अंतर ओढायचं असेल आणि गाडीच्या पुस्तकात परवानगी असेल, तर ट्रान्स्फर केसचा लिव्हर ‘एन’ वर घ्या. जिप्सीला, थारला तो खुणेनं दाखवलेला असतो. इथं एक सावधगिरी. ‘एन’ वर घेतलं की मुख्य गिअर टाकून ठेवला तरी गाडी थांबत नाही, उतार दिसला की चालू लागते. शाफ्ट सोडलेल्या जुन्या जीपचा हँडब्रेकही भरवशाचा नाही, कारण तो त्या पेटीच्या मागंच बसवलेला असतो. म्हणून लिव्हरला हात लावण्याआधी चाकाखाली दोन्ही बाजूंनी दगड लावा. गाडीखाली माणूस असताना तर लावाच लावा.

ओढणाऱ्या ट्रॅक्टरचंही सांगतो. साखळी खालच्या ड्रॉबारलाच अडकवा. ॲक्सलच्या वर किंवा टॉपलिंकला अडकवली तर जोर आला की ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि चालकावर उलटतो. ब्रेकची दोन्ही पॅडल पट्टीनं एकत्र जोडा. ट्रॅक्टर ओढून नेईल यात शंका नाही. प्रश्न असतो तो दीड टनाच्या पुढची गाडी उतारावर थांबवायची कशी याचा. म्हणून उतारावर गिअर खालचाच ठेवा, क्लच दाबून घरंगळू नका. घाटातून दोरानं गाडी आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथं लोखंडी दांडा किंवा ट्रक.

जीपमध्ये स्टिअरिंगवर लायसन असलेला, शुद्धीवरचा माणूस हवा. पोराला बसवू नका. इंजिन बंद असल्यानं दोन-तीनदा दाबला की ब्रेक दगडासारखा घट्ट होतो आणि पॉवर स्टिअरिंग जड येतं, हे त्याला आधी सांगा. चावी काढली तर स्टिअरिंग कुलूप होतं, तेव्हा ती चालू बाजूला फिरवलेली राहू द्या. दोर सैल पडू नये म्हणून मधून मधून हलका ब्रेक त्यानंच लावायचा. १९८९ च्या रस्ता नियमावलीत दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरच्या आत आणि वेग ताशी २४ किलोमीटरपर्यंत सांगितला होता. २०१७ साली नवी नियमावली आली, तरी हा अंदाज मनात ठेवायला चांगला. आमच्या रस्त्यांवर मी तर १५ च्या वर जाऊ देणार नाही. दोराला लाल फडकं बांधा, आणि रात्र झाली तर गाडी सकाळपर्यंत राहू द्या जागेवर.

चिखलातून काढताना हिसका देऊ नका. आधी चाकापुढची माती उकरा, मग हळू ताण द्या. दोरावर ओलं पोतं टाका, तुटला तर उसळी कमी होते. बघायला जमलेल्या मंडळींना दोराच्या लांबीपेक्षा जास्त दूर उभं करा.

गॅरेजात पोचल्यावर सोडलेला शाफ्ट आणि त्याचे बोल्ट मिस्त्रीच्या हाती द्या, किती अंतर कसं ओढून आणलं ते खरं सांगा, आणि गाडी सुरू करण्याआधी दोन्ही पेट्यांचं तेल बघायला लावा.