खात्यात अचानक पैसे आले? खर्चायच्या आधी हा हिशेब एकदा करा

मोबाईल वाजतो, बघावं तर बँकेचा मेसेज. दहा हजार दोनशे जमा. कशाचे ते लगेच लक्षात येत नाही. मग कुणीतरी पारावर सांगतं, अरे अतिवृष्टीचे पडले, गावात बऱ्याच जणांना आलेत. संध्याकाळपर्यंत घरात चार जणांनी त्या पैशाचे चार खर्च ठरवलेले असतात.

सप्टेंबर २०२५ च्या पावसाने मराठवाड्यातलं सोयाबीन पाण्यात गेलं, ते सगळ्यांनी बघितलंय. त्याच्या मदतीचा साधा हिशेब असा. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये हा ठरलेला दर, आणि रब्बीच्या बियाणं-खतासाठी सरकारने जाहीर केलेले हेक्टरी १०,००० वेगळे. म्हणजे माझ्यासारखं तीन एकर, म्हणजे १.२ हेक्टर ज्याचं आहे, त्याचे १०,२०० आणि १२,००० मिळून २२,२०० होतात. कुणाचा कमी, कुणाचा जास्त. विम्याचे आले तर ते निराळे.

हे पैसे काही लॉटरीचे नाहीत. पेरणी, खत, फवारणी, खुरपणी यात आपण जे घातलं आणि जे वाहून गेलं, त्यातला थोडा भाग परत आलाय. पण आपण आशा सोडलेली असते, म्हणून ते 'वरचे पैसे' वाटतात आणि वरच्या पैशासारखेच जातात.

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी मला विम्याचे १४ हजार आले. ध्यानीमनी नव्हते. आठ दिवसांत मी मोटारसायकलचं डाऊन पेमेंट भरून मोकळा झालो. जुनी गाडी चालत होती बरं का. जून लागला तेव्हा पेरणीला हातात काही नाही. बायकोच्या कानातली फुलं ठेवून गावातल्याच एकाकडून १४ हजारच घेतले, शेकडा तीन रुपयांनी. दिवाळीला देऊ म्हटलं, पण त्या वर्षी भाव पडला आणि गाडीचे हप्ते चालूच. फुलं सुटली ती पुढच्या दिवाळीला, १७ महिन्यांनी. व्याज झालं ७,१४० रुपये. मुद्दलाच्या निम्म्याच्या वर!

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आपल्यातले शिकलेलेसुद्धा यात फसतात. सावकार 'तीन टक्के' म्हणतो तो महिन्याचा दर असतो. बँक 'बारा टक्के' म्हणते तो वर्षाचा. तीन ऐकायला कमी वाटतं, पण वर्षाचे ते छत्तीस होतात. २२,२०० रुपयांवर शेकडा तीनने महिन्याला ६६६ आणि वर्षाला ७,९९२ रुपये व्याज जातं. तेच २२,२०० तुम्ही बँकेत सात टक्क्यांनी ठेवलेत तर वर्षाला १,५५४ मिळतील. म्हणजे एका हाताने ठेव ठेवायची आणि दुसऱ्या हाताने शेकड्याचं देणं चालू ठेवायचं, यात वर्षाला साडेसहा हजाराच्या आसपास घरातून जातात. म्हणून असं देणं असेल तर पहिला मान त्याचा. सगळं फिटत नसेल तर मुद्दलात भरा, आणि भरलेली रक्कम वहीत लिहून समोरच्याची सही घ्या.

परवानाधारक सावकाराला सुद्धा शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. परवाना नसताना व्याजाचा धंदा करणं हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात करता येते. गावात राहून तक्रार करणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे, पण दर तरी माहीत असावा.

त्याच्यानंतर दुकानाची उधारी. कृषी सेवा केंद्रवाला कागदावर व्याज लावत नाही, तो भावात लावतो. डीएपीचं पोतं १,३५० रुपयांचं. मला एकदा उधारीवर ते १,५०० ला लागलं होतं, आणि पावतीही नाही. छापील किमतीच्या वर घेणं चुकीचंच, पण उधारीवाल्याच्या तोंडून शब्द निघत नाही. रोख पैसे हातात असले की माणूस पक्की पावती मागू शकतो आणि दुसऱ्या दुकानात भाव विचारू शकतो.

बँकेचं पीककर्ज मात्र घाईने भरायची गरज नाही. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर आपल्या राज्यात व्याज शून्य पडतं. फक्त तारीख चुकवू नका, सवलत गेली की व्याज लागतं. आणि एक, मदतीची रक्कम बँकेने परस्पर कर्जखात्यात वळती करू नये असं शासनाच्या आदेशात असतं. तसं झालं किंवा खात्याला होल्ड लागला तर शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि तहसीलला एक प्रत द्या.

काहींची तक्रार असते की यादीत नाव आहे पण पैसे नाहीत. बऱ्याचदा पैसे आधारला जोडलेल्या खात्यात गेलेले असतात, आणि ते खातं म्हणजे कधीतरी गॅस सबसिडीसाठी उघडलेलं, विसरलेलं असतं. ते पासबुक शोधा. मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका, 'अनुदान यादी' नावाची एपीके फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर उघडू नका, ओटीपी कुणालाच सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा. जितका उशीर तितकी ते परत मिळायची आशा कमी.

आता जरा अवघड विषय. सातबारा थोरल्या भावाच्या नावावर, कसतो धाकटा. किंवा जमीन एकाची, बटई दुसऱ्याची. पैसे येतात ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. पण बियाणं ज्याने घातलं, नुकसान त्याचंही झालंय. बटईत खर्च निम्मा-निम्मा असेल तर मदतही निम्मी द्यायला हवी, असं माझं मत. याच्यावरून आमच्याकडं दोन घरांचं बोलणं बंद झालेलं मी बघितलंय, आणि रक्कम होती पाच हजार. पैसे आल्याबरोबर सांगून टाकावं. दुसऱ्याकडून कळलं की चांगल्या माणसाच्याही मनात येतं.

देणं नसेल, किंवा देऊन काही उरलं असेल, तर पुढच्या पेरणीचे पैसे आत्ताच बाजूला काढा. ज्या खात्याला फोन पे जोडलेलं नाही त्यात ठेवा, मोबाईलमधले पैसे चहापाण्यात कधी जातात ते कळत नाही. जास्त व्याज देतो म्हणून पतसंस्थेत किंवा मल्टिस्टेटमध्ये टाकू नका. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला तो नाही. घरचं सोयाबीन भिजलेलं नसेल तर बियाण्यालाही राखता येतं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सत्तर उगवले तर एकरी ३० किलो पेरायला चालतं. बॅगचे पैसे तेवढे वाचले.

बोअरचं स्वप्न सगळ्यांना पडतं. पण २०-२२ हजारांत बोअर, मोटार, पाईप, केबल काही बसत नाही, आणि अर्धं काम झालं की उरलेल्याला परत शेकडा तीन आहेच. दोन शेळ्या घेणं त्यापेक्षा बरं, घरात त्यांना बघणारं माणूस असेल तर.

एक ४५६ रुपयांचा खर्च मात्र जरूर करा. ४३६ रुपयांत जीवनज्योतीचा आणि २० रुपयांत अपघाताचा, असा दोन-दोन लाखांचा विमा वर्षभर मिळतो. जीवनज्योतीत १८ ते ५० वयापर्यंत नाव घालता येतं, अपघाताच्या विम्याला ७० पर्यंत. मे महिन्याच्या शेवटी पैसे खात्यातून कापले जातात, तेव्हा शिल्लक नसली तर विमा बंद. आमच्याकडं बऱ्याच जणांचा असाच बंद पडलाय आणि त्यांना पत्ता नाही.

आणि थोडं घरासाठी काढा. पोराला बूट, म्हातारीचा चष्मा, एखादी साडी. सगळे पैसे देण्यात आणि खतात घातले तर घरातली माणसं पुढच्या वेळी तुमचं ऐकणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. शंभरातले दहा रुपये त्याला धरा.

माझ्या २२,२०० चं यंदा असं ठरवलंय. दुकानाचे ७,४०० द्यायचे, चष्मा आणि शाळेचं मिळून २,१०० काढायचे, आणि उरलेले १२,७०० जूनपर्यंत हलवायचे नाहीत. ते ज्या खात्यात आहेत त्याचं पासबुक बायकोने तिच्या पेटीत ठेवलंय.