लेकीची सायकल रेल्वेनं पाठवताना



जून-जुलै आला की गटाच्या बैठकीत हप्त्यांचा विषय लवकर आटपतो आणि मुलींच्या ॲडमिशनचा सुरू होतो. कुणाची नर्सिंगला लागलेली असते, कुणाची बीएस्सीला. फी, होस्टेल, मेस असा सगळा हिशेब मांडून होतो आणि मग कुणीतरी विचारतं, होस्टेलपासून कॉलेज किती लांब? तीन-चार किलोमीटर. रिक्षाला जायचे २० आणि यायचे २० धरले, तरी २५ दिवसांचे १००० रुपये झाले. एवढ्यावरून मुलीला दुसऱ्या वर्षी परत आणायच्या गोष्टी घरात सुरू होतात. आणि आठवी-नववीत असताना मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली तिची सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी असते.

ती सायकल तिच्याबरोबर पाठवता येते. कशी, ते आज सांगते.

रेल्वेत सायकल आपल्या डब्यात घेऊन बसता येत नाही. ती सामानाच्या डब्यातून जाते, त्याला ब्रेकव्हॅन म्हणतात. तिथं पाठवायचे दोन मार्ग आहेत. मुलगी ज्या गाडीनं जाणार तिच्याच तिकिटावर सायकल लावली तर ते लगेज, आणि ती त्याच गाडीतून जाते. तिकीट नसताना नुसती सायकल पाठवली तर ते पार्सल, आणि ते मागच्या गाडीनंही येऊ शकतं. स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो सामान फुकट नेता येतं हे खरं, पण ती सूट सायकलीला लागू नाही. तिचे पैसे वेगळे पडतात. दर गाडीवर आणि अंतरावर ठरतो, म्हणून तो खिडकीवरच विचारावा. शेजारणीला गेल्या वर्षी किती पडले, त्यावर जाऊ नका.

आणखी एक गोष्ट आधीच विचारायची. आपल्या स्टेशनवर बुकिंग होतं का, आणि ती गाडी तिथं सामान चढवण्याइतकी थांबते का? लहान स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात माणसंच कशीबशी चढतात. मग सायकल मोठ्या स्टेशनवर न्यावी लागते. टेम्पोचं भाडं आधी कळलेलं बरं.

आता बांधाबांध. सायकल काही धावत्या गाडीत मोडत नाही. ती मोडते चढवताना, उतरवताना आणि दुसऱ्याच्या गाठोड्याखाली. रात्री दोन वाजता कुठल्यातरी फलाटावर एक हमालदादा घाईघाईनं ती ओढणार आहे. त्याला तुमची लेक माहीत नाही, सायकलही माहीत नाही. तेव्हा बांधताना त्याचा विचार करायचा. त्याला ती ढकलत नेता आली पाहिजे आणि तिचं काहीही बाहेर आलेलं नको.

म्हणून चाकाला कुलूप लावू नका. कुलूप लावलेली सायकल तो फरपटत नेणार, दुसरं काय करणार? चाकांत हवा ठेवा. पुष्कळजणी सगळी हवा सोडतात, मग रिकाम्या टायरवर ढकलून ट्यूब कापते. चाकं कापडात गुंडाळायची नाहीत, ती मोकळी ठेवायची.

बाहेर येतात ती पेडलं आणि हँडल. पेडल काढताना एक गंमत आहे, ती नीट ऐका. उजव्या पेडलचे आटे सरळ असतात, पण डाव्याचे उलटे. पाय मारताना पेडल आपोआप सुटू नये म्हणून कारखान्यातच तसं करतात. लक्षात ठेवायची खूण सोपी आहे. पाना पेडलला लावून त्याची मूठ आभाळाकडे उभी करायची आणि मागच्या चाकाच्या दिशेनं ढकलायची. दोन्ही बाजूंची पेडलं अशीच सुटतात. बसवताना पुढच्या चाकाच्या दिशेनं. हे ठाऊक नसलं की माणूस डाव्या पेडलशी झटापट करून आटे घालवतो आणि मग अख्खा क्रँक बदलावा लागतो.

हँडलच्या मधोमध वर एक बोल्ट असतो. तो चार-पाच वेढे सैल करा, पूर्ण काढू नका. वर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीनं हलकं ठोका. आतली पाचर सुटते आणि हँडल चाकाच्या रेषेत फिरवता येतं. फिरवल्यावर पुन्हा थोडं आवळा. सायकलीला जुन्या पद्धतीचे सळीचे ब्रेक असतील तर मात्र हँडलला हात लावू नका, सळ्या वाकतील. ते तसंच राहू दे, फक्त टोकांना जाड कापड बांधा.

मग गुंडाळायचं. खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन घ्या, गोणपाट असेल तर उत्तमच. नळ्यांना जुन्या साडीचे पट्टे वेढा, चेनच्या बाजूला पेंढा किंवा पुठ्ठा लावा, वरून गोणपाट आणि दाभणानं शिवण. सुतळीच्या नुसत्या गाठी सुटतात, शिवण सुटत नाही. मोठ्या स्टेशनबाहेर पैसे घेऊन हेच करून देणारे असतात. गोधडी शिवणाऱ्या बाईला ते काय शिकवायचं? चाकं मोकळी राहतील अशी गोणपाटाची खोळ गटानं एकदा शिवून ठेवली, तर ती दरवर्षी वेगवेगळ्या मुलींना वापरता येईल.

पेडलं, घंटी, कुलूप-किल्ली आणि पाना सायकलीला बांधू नका, मुलीच्या बॅगेत द्या. सुटं बांधलेलं वाटेत गळतं. नाव, पत्ता, मोबाईल, कुठून कुठे, हे गोणपाटावर रंगानं लिहा आणि तसाच एक कागद प्लास्टिकमध्ये घालून आत नळीला बांधा. बाहेरचा फाटला तर आतला बोलतो. बांधण्याआधी सायकलीचे चार फोटो काढा. बहुतेक सायकलींवर, पेडलचा आस जिथं बसतो त्या नळीच्या खालच्या अंगाला नंबर कोरलेला असतो, तोही उतरवून घ्या.

खिडकीवर आधार कार्डाची झेरॉक्स न्या. तिथं एक फॉर्म भरावा लागतो, त्यात मालाची किंमत लिहायची जागा असते. ती जागा घाईत रिकामी सोडू नका. नियम असा आहे की जादा किंमत जाहीर करून त्याचा आकार भरला नसेल, तर माल हरवल्यास रेल्वेची जबाबदारी पार्सलला किलोमागे जास्तीत जास्त ५० रुपये आणि लगेजला १०० रुपये. म्हणजे २० किलोची सायकल पार्सलनं जाताना हरवली तर फार तर १००० रुपये, मग ती ५००० ची का असेना. जादा आकार किती पडतो ते विचारा आणि घरी ठरवूनच जा.

पावती मिळेल ती मूळ पावती मुलीजवळ हवी. मोबाईलवरच्या फोटोवर भागत नाही. पावती हरवली तर बाँड लिहून द्यावा लागतो आणि नवख्या शहरात त्या पोरीची दोन दिवस धावपळ होते. सायकल पोचल्यावर ठराविक वेळेत सोडवली नाही तर जागेचं भाडं चढत जातं, म्हणून तिनं त्याच दिवशी पार्सल ऑफिस गाठावं. सही करण्याआधी गोणपाट उघडून बघावं. काही मोडलं असेल तर तिथल्या तिथं लेखी नोंद मागावी. भरपाईचा लेखी दावा माल सोपवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, तसं १९८९ च्या रेल्वे कायद्यात आहे.

सोडवून आणल्यावर पेडलं आधी बोटांनीच फिरवून बसवायची. आटे सहज घेत असतील तरच पाना लावायचा. हँडल सरळ करून बोल्ट घट्ट आवळायचा. मग पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल पिळून बघायचं. चाक जागेवर राहून हँडल फिरलं तर अजून आवळायला हवं. दोन्ही ब्रेक दाबून बघायचे आणि पहिली चक्कर होस्टेलच्या आवारातच मारायची, रस्त्यावर नाही. हे सगळं मुलीनं गावात असतानाच एकदा स्वतःच्या हातानं करून बघावं. पाना तिच्या हातात द्या, तुम्ही शेजारी बसा.