‘बघू, सांगते’ म्हणणाऱ्या घरची तारीख

घरी जाऊन माल दाखवण्याचा धंदा आपल्या समाजाला नवा नाही. मणियार बांगड्या घेऊन दारोदार फिरत असे आणि लग्नघरी तर त्याला मुद्दाम बोलावले जाई. पिंजारी अंगणात पिंजण लावून कापूस पिंजायला बसला की शेजारच्या चार बायका आपापल्या जुन्या गाद्या दाखवायला येत. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात हे दृश्य ज्यांनी पाहिले नाही असे वडीलधारे क्वचितच सापडतील. त्या काळी तारीख मागावी लागत नसे. लग्न ठरले की मणियाराची तारीख ठरली आणि थंडी जवळ आली की पिंजाऱ्याची ठरली.

आता आपल्या भगिनी ड्रेस मटेरियल, नकाब, बांगड्या, अत्तर, रजईच्या खोळी, आरीकामाचे दुपट्टे असा माल एखाद्या ओळखीच्या घरी मांडतात. त्या घरची बाई आठ-दहा जणींना बोलावते, चहा होतो, माल पाहिला जातो आणि विक्री होते. यवतमाळ, पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड अशा गावांत हा धंदा करण्यासारखा आहे, कारण दुकानाचे भाडे नाही, पागडी नाही आणि पडदा पाळणाऱ्या बाईलाही तो करता येतो. अडते ते एकाच ठिकाणी. घर देणारी बाई ‘नाही’ म्हणत नाही, ‘हो’ही म्हणत नाही. ‘बघू, सांगते,’ म्हणते आणि सांगत नाही.

याची किंमत काय, ते आधी हिशेबाने पाहू. समजा, एका बाईने नागपूरच्या गांधीबागेतून 25 हजारांचा माल महिन्याच्या उधारीवर आणला. एका बैठकीत सरासरी 5 हजारांचा माल गेला असे धरले तरी पाच बैठका हव्यात. पाच घरांनी ‘बघू’ म्हटले आणि प्रत्यक्षात दोनच बैठका झाल्या, तर 15 हजारांचा माल घरात पडून राहिला. महिना संपताच ठोक व्यापाऱ्याचा तगादा सुरू. मग कानातले गहाण पडतात किंवा माल खरेदीच्या भावात मोडावा लागतो. मालात खोट नव्हती, भावही वाजवी होता. बुडाले ते तारखा पक्क्या नव्हत्या म्हणून.

ही बैठकीची पद्धत जगात गाजली ती प्लॅस्टिकच्या डब्यांमुळे. अमेरिकेत अर्ल टपर याने 1940च्या दशकात घट्ट झाकणाचे डबे काढले. दुकानात ते फारसे खपेनात, कारण झाकण दाबून आतली हवा कशी काढायची हे गिऱ्हाइकाला कोणी दाखवत नव्हते. ब्राउनी वाईज नावाची, एकटीने मुलगा वाढवणारी बाई हेच डबे घरोघरच्या बैठकांत विकत होती. तिची विक्री पाहून कंपनीने 1951 मध्ये दुकानातला माल काढून घेतला आणि घरगुती विक्रीचा सगळा कारभार तिच्याकडे दिला. 1958 मध्ये त्याच कंपनीने तिला बाहेर काढले, हा भाग जाहिरातीत कोणी सांगत नाही. टपरवेअर भारतात 1996 मध्ये आली. मूळ अमेरिकी कंपनीने सप्टेंबर 2024 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मात्र तिच्या पद्धतीतली एक गोष्ट कोणत्याही छोट्या व्यापाऱ्याने घेण्यासारखी आहे. पुढची बैठक कोणाकडे, हे चालू बैठकीतच ठरते. माल हातात आहे, मैत्रिणी हसतखेळत बसल्या आहेत, त्या घडीला मिळालेली तारीख आणि दुसऱ्या दिवशी दारात उभे राहून मागितलेली तारीख यांत मोठे अंतर असते.

आता त्या ‘बघू’च्या मागे काय असते ते पाहू. बहुतेक विक्रेत्या समजतात की बाईला माल आवडला नाही. तसे क्वचितच असते. तिला भीती असते की बोलावले आणि कोणी आलेच नाही तर मोहल्ल्यात शोभा होईल. ही भीती तोंडाने कोणी सांगत नाही, म्हणून विक्रेतीनेच ती काढून टाकावी. ‘भाभी, सहा जणी आल्या तरी पुष्कळ झाल्या. आपण बारा जणींना सांगू. नावे तुम्ही सांगा, घरोघर सांगायला मी जाते.’ एवढे बोलून तिथेच वहीत नावे लिहून घ्यावीत. नावे लिहिली गेली की बैठक निम्मी ठरली असे समजावे.

दुसरे कारण घरातल्या माणसांचे. नवऱ्याला किंवा सासूला विचारल्याशिवाय सून तारीख देणार नाही, आणि तिने देऊही नये. अशा वेळी सुनेच्या मागे लागणे फुकट आहे. सासूबाई समोर असतानाच विषय काढावा. ‘खाला, जोहरनंतर बसू, अस्रच्या आधी उठू. फक्त बायकाच असतील,’ असे त्यांनाच सांगावे. दुपारची ती वेळ पुरुष दुकानात आणि मुले शाळेत असण्याची. जुम्मा सोडून द्यावा. माल तुमच्या दुकानाचा असला तरी बंधूंनो, बोलणी आणि बैठक घरच्या बाईकडे सोपवा, आणि तुम्ही गठ्ठा दारात पोहोचवून परत फिरा.

चहापाण्याचा खर्च हे कारण वरवरचे आहे. ‘बिस्किटे मी आणते, तुम्ही फक्त चहा ठेवा,’ म्हटले की ते मिटते.

खरे जड कारण उधारीचे. आपल्याकडे शेजारणीला ‘पैसे आत्ताच दे’ म्हणायची सोय नाही. बैठक झाली, चार जणींनी ‘पुढच्या महिन्यात देते’ म्हणून सूट नेले, आणि दोन महिन्यांनी विक्रेती येऊन घर देणारीलाच म्हणते, ‘आपा, तुमच्या ओळखीच्या होत्या, जरा सांगा ना त्यांना.’ अशा एका अनुभवानंतर ती बाई आयुष्यात पुन्हा घर देणार नाही, आणि तिचे ऐकून आणखी दोघी देणार नाहीत. म्हणून तारीख मागतानाच साफ सांगावे की उधारीचा हिशेब माझ्या वहीत राहील, वसुली मी करीन, तुमच्याकडे कोणाचे नावही काढणार नाही. आणि तो शब्द पाळावा, प्रसंगी दोनशे रुपये बुडाले तरी. माझ्या मते पहिल्या बैठकीत उधार देऊच नये. वीस, तीस, पन्नास रुपयांच्या वस्तू भरपूर ठेवाव्यात. पिना, बांगड्या, अत्तराची छोटी शिशी. जिच्याकडे पैसे कमी आहेत तीही रिकाम्या हाताने, मान खाली घालून उठत नाही.

अलीकडे आणखी एक शंका आली आहे. ‘मेंबर करून घेणारे’ घरी येऊन गेले, नातेवाइकांचे पैसे अडकले, त्यामुळे घरी विक्री म्हटले की लोक साखळी समजतात. अशी भीती वाटणाऱ्याला दोष देता येत नाही. साखळीने पैसा फिरवण्याच्या योजनांवर 1978 च्या कायद्यानेच बंदी आहे. थेट विक्रीसाठी केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये जे नियम काढले, त्यांतही पिरॅमिड योजनेला मनाई आहे आणि विक्रेत्याने आधी वेळ ठरवल्याशिवाय व ओळखपत्राशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये असे म्हटले आहे. हे नियम कंपन्यांसाठी आणि त्यांच्या विक्रेत्यांसाठी आहेत. आपला माल आपण विकणाऱ्या कारागिराने मात्र एवढे सांगून टाकावे की इथे फी नाही, मेंबर नाही, माल आवडला तर घ्या नाही तर चहा पिऊन जा.

घर देणारीला भेट जरूर द्यावी, पण ती आधी ठरलेली आणि सगळ्यांसमोर दिलेली असावी. गुपचूप टक्केवारी लावून ती मालाच्या भावात चढवली आणि नंतर शेजारणींना कळले, तर त्या बाईची आणि तुमची दोघींची इज्जत जाते. एक ठरावीक चादर किंवा बांगड्यांचा जोड पुरे.

विचारण्याची रीतही महत्त्वाची. ‘कधी ठेवायचे?’ या प्रश्नाला ‘बघू’ हेच उत्तर मिळणार. ‘भाभी, येत्या मंगळवारी जमेल की पुढच्या बुधवारी?’ असे विचारले तर बाई दोन दिवसांचा विचार करू लागते. तारीख आठ ते पंधरा दिवसांतली असावी. महिनाभर लांबची तारीख म्हणजे न दिलेलीच तारीख. ती तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिच्याच हाताने लिहून घ्यावी आणि त्याच वेळी एक राखीव तारीखही ठरवावी, कारण मय्यत, आजारपण, पाहुणे कोणाच्या हातात नसतात. दोन दिवस आधी दोन नमुने घेऊन उभ्या उभ्या जाऊन यावे. फोनवर आठवण दिली तर ‘या वेळी राहू द्या’ म्हणणे सोपे जाते. समोर नमुना पाहिल्यावर तसे म्हणवत नाही.

ज्यांच्याकडे भिशी चालते त्यांची तारीख तर आयतीच ठरलेली असते. या महिन्याची भिशी जिच्या घरी, तिलाच विचारावे. मात्र त्या दिवशी बायका हप्त्याचेच पैसे आणतात, रोख विक्रीची आशा धरू नये. माल दाखवावा, मागणी लिहून घ्यावी आणि आठवड्याने पोहोचता करावा. रोख घेणारी एकच, जिची भिशी लागली ती.

जिल्ह्याचा हंगाम पाहूनच तारखा मागाव्यात. जून-जुलैत पेरणी आणि शाळेचा खर्च, त्या दिवसांत शेतीवर चालणाऱ्या गावात बैठक घेणे म्हणजे लोकांना अडचणीत टाकणे. सोयाबीन आणि कापूस घरात आला की दिवाळीपासून पुढे तीन-चार महिने हात मोकळा असतो. वणीच्या कोळसा खाणींच्या भागात पगाराचा पैसा असल्याने महिन्याचा पहिला आठवडा चांगला. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी कोणी घराबाहेर पडत नाही, तेव्हा अस्रनंतरची वेळ घ्यावी. ईदच्या कपड्याची बैठक शाबान महिन्यातच झाली पाहिजे, कारण रमजान अर्धा झाला की शिंपी नवे काम घेत नाही आणि न शिवता येणारे कापड कोण विकत घेणार? बांगड्या, अत्तर आणि तयार कपड्यांना मात्र शेवटचा अशरा उत्तम. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे गेल्या वर्षीची वही पाहून या वर्षीच्या तारखा टाकू नयेत. हिंदू शेजारणींकडे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू असते. त्यात वाण म्हणून एकाच वस्तूचे पंचवीस-तीस नग लागतात. डिसेंबरातच जाऊन नमुना दाखवणाऱ्या मणियाराला ते काम मिळू शकते.

एवढे करूनही काही घरे तारीख देणार नाहीत. दोनदा विचारावे, तिसऱ्यांदा विचारू नये. ‘तुम्हाला सोयीचे वाटेल तेव्हा सांगा, आणि दुसऱ्यांच्या बैठकीला जरूर या,’ एवढेच म्हणून निघावे. दुसऱ्याच्या घरी बैठक नीट झालेली पाहून पुढे स्वतःहून तारीख देणाऱ्या बायका निघतात. चार बैठका हव्या असतील तर सहा तारखा हातात ठेवाव्यात. आणि माल आणताना ठोक व्यापाऱ्याशी आधीच बोलून घ्यावे की न विकलेला, घडी न मोडलेला माल किती दिवसांत परत घेणार. तो ‘परत घेणार नाही’ म्हणाला, तर जेवढ्या तारखा कॅलेंडरवर लिहिल्या गेल्या आहेत तेवढ्याच बैठकांचा माल उचलावा.