एकूण रोजगारातील वस्तुनिर्माणाचा वाटा : मोजमापाचा प्रश्न

देशाच्या आर्थिक परिवर्तनाचा वेग अजमावण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ ज्या मोजक्या निर्देशकांचा आधार घेतात, त्यांत एकूण श्रमिकांपैकी वस्तुनिर्माण उद्योगांत गुंतलेल्यांचे शेकडा प्रमाण हा एक प्रमुख निर्देशक होय. भारतात हे प्रमाण राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०११-१२ मध्ये १२.६ होते. पुढे नियतकालिक श्रमशक्ती पाहणीनुसार ते २०१७-१८ मध्ये १२.१ आणि २०२३-२४ मध्ये ११.४ झाले. या तीन आकड्यांवरून वस्तुनिर्माणातील रोजगार सतत आकसत आहे असे अनुमान सहज काढले जाते. आणि डॅनी रॉड्रिक यांनी मांडलेल्या 'अकाली औद्योगिक ऱ्हासा'च्या कल्पनेस ते पुरावा म्हणून जोडलेही जाते. हे अनुमान खरे असेल तर औद्योगिक धोरणाची दिशाच बदलावी लागेल. म्हणून ते स्वीकारण्यापूर्वी हा निर्देशक नेमके काय मोजतो याची छाननी करणे अवश्य आहे.

अंश आणि छेद

शेकडा प्रमाण हा एक अपूर्णांक असतो. प्रस्तुत अपूर्णांकाचा अंश म्हणजे वस्तुनिर्माणातील श्रमिक व छेद म्हणजे सर्व श्रमिक. अंश स्थिर असूनही छेद वाढला तर प्रमाण घटते. शंभर श्रमिकांपैकी बारा वस्तुनिर्माणात आहेत असे समजू. शेतीवर राबणाऱ्या दहा स्त्रियांची पूर्वी श्रमिकांत गणना होत नव्हती व आता ती होऊ लागली, तर प्रमाण १२ वरून १०.९ वर येईल. आणि तरीही एकाही कामगाराने कारखाना सोडलेला नसेल.

हे उदाहरण केवळ कल्पित नाही. वर निर्देशिलेल्या पाहण्यांनुसार एकूण लोकसंख्येत श्रमिकांचे शेकडा प्रमाण २०११-१२ मध्ये ३८.६, २०१७-१८ मध्ये ३४.७ आणि २०२३-२४ मध्ये ४३.७ होते. या प्रमाणास वस्तुनिर्माणाच्या वाट्याने गुणिले असता लोकसंख्येतील दर शंभर व्यक्तींमागे वस्तुनिर्माणात किती व्यक्ती आहेत हे कळते. ही संख्या अनुक्रमे सुमारे ४.९, ४.२ व ५.० येते.

येथे एक वेगळेच चित्र दिसू लागते. पहिल्या कालखंडात वाटा केवळ अर्ध्या टक्क्याने घटलेला दिसतो. परंतु लोकसंख्येच्या मानाने वस्तुनिर्माणातील श्रमिकांत झालेली घट त्याहून पुष्कळच मोठी आहे. छेदही त्याच वेळी आकसल्यामुळे ती झाकली गेली. दुसऱ्या कालखंडात याच्या उलट घडले. वस्तुनिर्माणातील श्रमिक लोकसंख्येच्या मानाने वाढले, तथापि छेद त्याहून वेगाने वाढल्यामुळे वाटा घटलेला दिसतो. म्हणजे खरी हानी जेथे झाली तेथे निर्देशक जवळजवळ मूक राहिला, आणि जेथे संख्या वाढली तेथे त्याने ऱ्हासाची वर्दी दिली.

श्रमिक कोणास म्हणावे?

छेद इतका अस्थिर असण्याचे कारण 'श्रमिक' या संज्ञेतच आहे. जेथे बहुसंख्य लोक वेतनावर काम करतात तेथे ही संज्ञा बहुतांशी स्पष्ट असते. शेती व घरगुती धंदे जेथे कुटुंबाच्या श्रमावर चालतात तेथे मात्र गृहिणी व श्रमिक यांतील सीमारेषा पाहणी करणाऱ्याच्या प्रश्नावर अवलंबून राहते. १९६१ च्या जनगणनेत हंगामाच्या बहुतेक काळात रोज एक तासाहून अधिक नियमित काम करणारी व्यक्ती श्रमिक गणली गेली. १९७१ मध्ये व्यक्तीची मुख्य क्रिया कोणती, हा निकष लावला गेला. परिणामी स्त्रियांमधील श्रमिकांचे शेकडा प्रमाण सुमारे २८ वरून सुमारे १२ वर उतरले. दहा वर्षांत निम्म्याहून अधिक स्त्रियांनी काम सोडले, असे कोणीही मानणार नाही.

या गोंधळातून मार्ग काढण्यासाठी प्रा. मो. ल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० मध्ये दिलेला अहवाल महत्त्वाचा ठरला. त्यानंतर १९७२-७३ च्या २७ व्या फेरीपासून राष्ट्रीय नमुना पाहणीने सर्वसाधारण, साप्ताहिक व दैनिक अशा तीन स्थिती स्वतंत्रपणे मोजण्यास आरंभ केला. सर्वसाधारण स्थितीत वर्षातील अधिक काळ केलेले काम मुख्य मानले जाते, व किमान तीस दिवस केलेले दुय्यम कामही हिशेबात येते. साप्ताहिक स्थितीत आठवड्यात एक तासाचे कामदेखील पुरते.

व्याख्या स्थिर राहिली तरी प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. २०१७-१८ ते २०२३-२४ या काळात पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २३.३ टक्क्यांवरून ४१.७ टक्क्यांवर गेला. ही वाढ मुख्यतः ग्रामीण भागातील असून तिच्यात स्वतःच्या शेतीवर वा धंद्यात विनावेतन राबणाऱ्या स्त्रियांचा भाग मोठा आहे. ही अडचणीमुळे पत्करलेली कामे आहेत, की पूर्वीपासून चालत आलेल्या कामाची आता नोंद होऊ लागली आहे, हा वादाचा विषय आहे. उत्तर काहीही असो, त्याचा वस्तुनिर्माणाच्या वाट्यावर होणारा परिणाम एकच.

वस्तुनिर्माण कशास म्हणावे?

अंशाच्या अडचणी वेगळ्या स्वरूपाच्या आहेत. उद्योगांची वार्षिक पाहणी ही प्रामुख्याने कारखाने कायद्याखाली नोंदलेल्या कारखान्यांपुरती असे. म्हणजे यंत्रशक्ती असल्यास दहा व नसल्यास वीस कामगार ही तिची खालची मर्यादा होती. २०२२-२३ मध्ये तिच्या कक्षेत सुमारे १.८५ कोटी व्यक्ती होत्या. लहान, अनिगमित उद्योगांच्या स्वतंत्र पाहणीत मात्र त्याच सुमारास केवळ वस्तुनिर्माणात सुमारे ३.०६ कोटी व्यक्ती आढळल्या. तेव्हा 'कारखानदारी' आणि 'वस्तुनिर्माण' हे शब्द समानार्थी समजणे म्हणजे मोठा भाग नजरेआड करणे होय.

गणनेच्या रीतीतही भेद आहेत. साखर कारखान्यातील हंगामी कामगाराचे उदाहरण घ्या. वार्षिक पाहणी एकूण मनुष्यदिवसांना कारखाना जितके दिवस चालला त्या दिवसांनी भागते. त्यामुळे पाच महिने गाळप करणाऱ्या कारखान्यातील कामगार पूर्ण कामगार म्हणून मोजला जातो. तोच मनुष्य उरलेले सात महिने शेती करीत असेल, तर कौटुंबिक पाहणीत त्याचे मुख्य काम शेती ठरते. दोन्ही नोंदी आपापल्या नियमांनुसार बिनचूक आहेत. सोलापुरात घरी बसून विड्या वळणारी स्त्री कौटुंबिक पाहणीत वस्तुनिर्माणात येते. कारखान्याच्या हजेरीपटावर तिचे नाव असेलच असे नाही.

उद्योगांच्या वर्गीकरणाचाही येथे विचार केला पाहिजे. २००८ च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाप्रमाणे कापसातील सरकी काढण्याचे जिनिंगचे काम शेतीशी संलग्न सेवांत मोडते. यंत्रांची दुरुस्ती वस्तुनिर्माणात, पण मोटारींची दुरुस्ती व्यापारात गणली जाते. ग्रंथप्रकाशन पूर्वी वस्तुनिर्माणात होते, ते या वर्गीकरणात माहितीसेवांत गेले. कारखान्याने आपला पहारा किंवा उपाहारगृह कंत्राटदाराकडे सोपविले, तर त्याच आवारातील त्याच कामाची गणना सेवाक्षेत्रात होऊ लागते.

एक जुना धडा

भारताच्या आर्थिक इतिहासात हा प्रश्न पूर्वीच उपस्थित झालेला आहे. ब्रिटिश अमदानीतील जनगणनांच्या आधारे कॉलिन क्लार्क यांनी उद्योगांतील श्रमिकांचे प्रमाण १८८१ नंतर झपाट्याने घसरल्याचे दाखविले होते. डॅनिएल थॉर्नर यांनी त्याच जनगणनांची फेरतपासणी केली. वस्तू तयार करणारे व त्या विकणारे यांत जनगणनेने नीट भेद केलेला नव्हता, म्हणून त्यांनी वस्तुनिर्माण व व्यापार एकत्र धरले. 'सर्वसाधारण मजुरी' हा संदिग्ध वर्ग शेतीस जोडला. आणि स्त्रियांचे आकडे विश्वसनीय नसल्याने पुरुषांच्या आकड्यांवर भर दिला. तेव्हा १८८१ ते १९३१ या काळात श्रमिकांच्या विभागणीत फारसा बदल झाला नसल्याचे दिसून आले. हा निष्कर्ष १८८१ पूर्वीच्या काळास लागू होत नाही. परंतु आकड्यांतील घसरण ही वस्तुस्थितीतील घसरण मानण्यापूर्वी वर्गवारी तपासावी, ही त्यामागील दृष्टी आजही तितकीच उपयुक्त आहे.

संशोधकासाठी काही पथ्ये

यावरून पुढील पथ्ये सुचविता येतील. पहिले, अंश व छेद एकाच पाहणीतून आणि एकाच स्थितीनुसार घ्यावेत. कारखान्यांच्या पाहणीचा अंश व जनगणनेचा छेद यांचा संकर करू नये. दुसरे, वाट्याबरोबर लोकसंख्येशी असलेले प्रमाणही द्यावे. तिसरे, पुरुष व स्त्रिया यांचे वाटे पृथक् दाखवावेत, आणि विनावेतन कौटुंबिक श्रमिक धरून व वगळून अशी दोन्ही गणिते करावीत. चौथे, वर्गीकरण बदलले असल्यास जुने व नवे गट जुळवून मगच तुलना करावी.

अर्थात लोकसंख्येशी काढलेले प्रमाणही निर्दोष नाही. लोकसंख्येतील मुलांचे प्रमाण घटले की ते आपोआप वाढते. शिवाय २०१७-१८ पासूनच्या पाहणीत कुटुंबांची निवड सदस्यांच्या शिक्षणावर आधारलेल्या स्तरांनुसार केली गेल्यामुळे २०११-१२ शी तिची तुलना सावधपणे करावयास हवी. वाढलेल्या संख्येत नियमित वेतनाचे किती व घरबसल्या तुकड्यावर होणारे काम किती, हेही पाहावे लागेल. म्हणून वरील आकड्यांवरून वस्तुनिर्माणाची स्थिती समाधानकारक आहे असे सुचवावयाचे नाही. एवढेच म्हणता येईल की, २०१७-१८ नंतर वाट्यात झालेली घट हा वस्तुनिर्माणातून श्रमिक बाहेर पडल्याचा पुरावा नव्हे. तसा पुरावा शोधावयाचा असेल, तर तो २०११-१२ ते २०१७-१८ या ज्या सहा वर्षांत वाटा जवळजवळ स्थिर भासला, त्या काळात आधी शोधला पाहिजे.