रिटायरमेंटनंतर करायचं काय? शिलाई मशीनसारखी चालणारी ही करवत चांगलं उत्तर ठरू शकते

शाल, श्रीफळ, निरोपाची भाषणं आणि हातात एक भिंतीवरचं घड्याळ. रिटायरमेंटचा दिवस असा थाटात पार पडतो. खरा प्रश्न सुरू होतो दुसऱ्या आठवड्यात. महाराष्ट्रात बहुतांश राज्य सरकारी कर्मचारी 58 व्या वर्षी निवृत्त होतात, केंद्राचे 60 व्या वर्षी. तब्येत ठणठणीत असते, पण सकाळचा पेपर वाचून झाला की दिवस संपता संपत नाही. मग टीव्ही, मोबाईल, नाहीतर घरच्यांच्या स्वयंपाकघरात नको ती लुडबुड.

अमेरिका आणि युरोपात अनेक निवृत्त लोकांनी यावर एक वेगळा उपाय शोधलाय. त्याचं नाव स्क्रोल सॉ.

स्क्रोल सॉ म्हणजे नक्की काय?

साध्या भाषेत सांगायचं तर विजेवर चालणारी नक्षीकामाची करवत. शिलाई मशीन डोळ्यासमोर आणा. तिथं सुई वर-खाली होते आणि आपण कापड फिरवतो. इथं सुईच्या जागी सुमारे 5 इंच लांबीचं अगदी बारीक पातं असतं आणि कापडाच्या जागी लाकडी फळी. पातं जागेवरच मिनिटाला साधारण 400 ते 1600 वेळा वर-खाली होतं आणि आपण फळी हळूहळू वळवत न्यायची. पातं बारीक असल्यामुळं अगदी छोटी वळणंही घेता येतात.

याची खरी गंमत जाळीकामात आहे. फळीच्या मधोमध एखादं फूल कोरायचं असेल तर बाहेरून कापत आत जावं लागत नाही. ड्रिलनं छोटं भोक पाडायचं, पात्याचं एक टोक सोडवून त्या भोकातून ओवायचं, पुन्हा ताणून बसवायचं आणि आतल्या आत कापायचं. जाळीत शंभर भोकं असतील तर हेच शंभर वेळा. म्हणूनच हे काम घाईच्या माणसाचं नाही. ज्याच्याकडं वेळ आहे, त्याचं आहे.

जिगसॉ पझलशी जुनं नातं

1760 च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी यानं लाकडी फळीवर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून त्याचे तुकडे कापले. मुलांनी ते जुळवत भूगोल शिकायचा, अशी ती कल्पना. आजच्या जिगसॉ पझलची सुरुवात इथूनच मानली जाते. 'जिगसॉ' हे नावही अशाच करवतीवरून पडलं.

19 व्या शतकात अमेरिकेत पायानं पेडल मारून चालवायच्या स्क्रोल सॉ घराघरात पोचल्या. पुढं 1930 च्या दशकात महामंदी आली, तेव्हा काम गेलेल्या काही कारागिरांनी घरीच लाकडी पझल कापून विकली. आज तिथं निवृत्त मंडळी याच करवतीवर नाताळची सजावट, घड्याळं, नातवंडांसाठी कोडी असं काय काय बनवतात.

उतारवयात हाच छंद का?

पहिलं कारण ताकद. रंधा मारायला किंवा मोठी करवत चालवायला खांदे लागतात. इथं खुर्चीत बसून काम होतं.

दुसरं कारण जागा. यंत्र एका टेबलावर मावतं. मोठ्या वर्कशॉपची गरज नाही.

तिसरं कारण डोक्याला काम. 2015 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी 85 वर्षांपुढच्या 256 लोकांचा सुमारे चार वर्षं मागोवा घेतला. मध्यम वयात आणि उतारवयात सुतारकाम, कुंभारकाम, शिवणकाम असे छंद जोपासणाऱ्यांमध्ये स्मरण-विचारशक्ती घसरण्याचा धोका 45 टक्क्यांनी कमी दिसला. अर्थात, हा फक्त संबंध आहे. छंदामुळंच मेंदू शाबूत राहिला, असं यातून सिद्ध होत नाही. मुळात ज्यांची तब्येत चांगली, तेच छंद करू शकतात, असंही असू शकतं.

पण एक गोष्ट कुठल्याही अभ्यासाशिवाय कळते. काल ज्याच्या सहीवाचून फाईल हलत नव्हती, त्याला आज कुणी काही विचारत नाही. अशा माणसाला "हे तुम्ही बनवलंत?" हा प्रश्न खूप काही परत देतो.

सुरुवात कशी करायची?

ग्रॅच्युईटीचे पैसे आले म्हणून लगेच महागडं यंत्र घेऊ नका. आधी हातानं चालवायची धनुष्यासारखी बारीक करवत घ्या. ती काहीशे रुपयांत मिळते. महिनाभर तिच्यावर मन रमलं, तरच पुढं जा.

यंत्र घेताना तीन गोष्टी बघा. वेग कमी-जास्त करता येतो का, पिन नसलेलं साधं पातं बसतं का, आणि पाती सहज मिळतात का? पिनवालं पातं छोट्या भोकातून जात नाही, त्यामुळं बारीक जाळी जमत नाही. '16 इंची' यंत्र म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर 16 इंच. हे अंतर जास्त, तेवढी मोठी फळी फिरवता येते.

पात्याचे दात खाली, टेबलाकडं हवेत. ताण बरोबर आहे का, हे बोटानं छेडून कळतं. तारेसारखा स्वच्छ आवाज आला पाहिजे. डिझाईनचा कागद फळीवर चिकटवा, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. त्यानं लाकूड कमी करपतं. आतली भोकं आधी कापा, बाहेरची कड सगळ्यात शेवटी, म्हणजे फळी हातात घट्ट राहते.

आणि पातं तुटलं तर घाबरू नका. सुरुवातीला ती तुटतातच. बहुतेक वेळा कारण एकच असतं, लाकूड जोरात रेटणं.

धोका आहे का?

इतर यंत्रकरवतींपेक्षा कमी, पण आहे. बोट पात्याच्या रेषेत ठेवू नका. चष्मा लावा. सैल बाही, ओढणी, पदर आवरून बसा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा हात थरथरत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

खरा शत्रू दिसत नाही, तो म्हणजे भुसा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात ठेवलंय. बंद बेडरूममध्ये हे काम नको. गॅलरी किंवा हवेशीर खोली, एन-95 मास्क आणि काम झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसणं, एवढं पाळाच. फ्लॅटमध्ये राहत असाल तर यंत्राखाली रबराचा जाड तुकडा टाका आणि दुपारची झोपेची वेळ टाळा, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर तुमचीच चर्चा व्हायची.

आपल्याकडं काय बनवता येईल?

सावंतवाडीची लाकडी खेळणी सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणजे लाकडाची आवड आपल्याकडं नवी नाही. 2018 मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकसोबत थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आली. त्यामुळं प्लायवूडचं मखर हा उत्तम प्रकल्प आहे. नीट बनवलं तर दर गणपतीत तेच वापरता येतं. दारावरची नावाची पाटी, वारली आकृत्या, देवघराची जाळी, आकाशकंदिलाच्या बाजू हेही जमतं. तीन-चार पातळ प्लाय एकावर एक चिकटवून कापले तर एकाच वेळी कंदिलाच्या सगळ्या बाजू सारख्या निघतात.

पहिल्याच दिवशी मखराला हात घालू नका. टाकाऊ फळीवर आधी सरळ रेघा, मग लाटा कापा. त्यानंतर नातवंडाच्या नावाचं चार-पाच तुकड्यांचं कोडं बनवा. कडा पॉलिश पेपरनं घासून द्या. एखादी कड वाकडी गेली तरी नातवंड तक्रार करणार नाही.