कर्जासोबत आलेला विमा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पैठणीच्या मागासाठी, अंदरसूल-नगरसूलकडच्या कांद्याच्या शेतीसाठी, अथवा गावालगत नव्याने घेतलेल्या प्लॉटवर घर बांधण्यासाठी येवला तालुक्यातील माणूस जेव्हा बँकेच्या किंवा वित्तकंपनीच्या दारी जातो, तेव्हा त्याचे सारे चित्त मंजुरीच्या आकड्याकडे आणि महिन्याच्या हप्त्याकडे लागलेले असते. आणि नेमक्या त्याच घटकेस, सह्यांच्या त्या जाडजूड गठ्ठ्यात, कर्जदाराच्या आयुर्विम्याचा संमतिअर्जही त्याच्यापुढे सरकतो, जो कायद्याने कर्जाची अट कधीच नसतो. सही होते, रक्कम खात्यावर जमा होते, आणि पुढे केव्हातरी खातेउतारा काढला म्हणजे असे आढळते की मंजूर रकमेपेक्षा हाती आलेली रक्कम कमी आहे, व्याज मात्र पूर्ण रकमेवर चालू आहे. हा फरक प्रक्रियाशुल्काचा असेल, असे समजून बहुतेक लोक गप्प बसतात. पुष्कळदा तो विम्याचा असतो.

आरंभीच हे स्पष्ट केले पाहिजे की या लेखाचा रोख विम्यावर नाही. घरातला कर्ता माणूस अकाली गेला, आणि मागे राहिलेल्या पत्नीला तगाद्याची नोटीस येण्याऐवजी विमा कंपनीने कर्जाची बाकी परस्पर फेडली, तर त्या घराच्या दृष्टीने या विम्याइतकी उपकारक वस्तू दुसरी नाही. ज्याच्यावर कुटुंब अवलंबून आहे आणि ज्याच्या डोक्यावर वीस वर्षांचे कर्ज आहे, त्याने पुरेसा विमा घ्यावा असेच माझे मत आहे. आक्षेप आहे तो न विचारता, न समजावता, किंवा ‘याशिवाय फाइल पुढे जाणार नाही’ असे असत्य सांगून गळ्यात बांधलेल्या विम्याविषयी.

‘विमा घेतल्याशिवाय कर्ज मिळत नाही’ ही समजूत सर्वांत खोल रुजलेली आहे, आणि ती सर्वस्वी चुकीची आहे. रिझर्व्ह बँकेचे बँकांना निर्देश आहेत की विमा विकताना ग्राहकावर विशिष्ट कंपनीची सक्ती करू नये, विम्याची विक्री बँकेच्या अन्य कोणत्याही सेवेशी जोडू नये, आणि विमा घेणे हे पूर्णतः ऐच्छिक असून त्याचा बँकेच्या सुविधेशी संबंध नाही, असे प्रसिद्धिपत्रकांत ठळकपणे नमूद करावे. वित्तकंपन्यांनाही ग्राहकाचा सहभाग ऐच्छिक ठेवण्याचे बंधन आहे. मात्र येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे, कारण त्याच्याच आडोशाने पुष्कळ गोंधळ माजतो. गहाण ठेवलेल्या इमारतीचा आगीपासूनचा विमा उतरवावा, अशी अट कर्जाच्या करारात असू शकते, कारण ते तारण आहे. वाहनाचा त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा तर १९८८च्या मोटार वाहन कायद्यानेच सक्तीचा आहे. पण त्याही वेळी विमा कंपनी निवडण्याचा अधिकार कर्जदाराचाच राहतो. आणि कर्जदाराच्या जिवाचा विमा या दोहोंपैकी कशातच बसत नाही.

शेतकऱ्याच्या बाबतीत या समजुतीला इतिहासाचा आधार आहे, म्हणून ती अधिक चिवट आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ साली सुरू झाली, तेव्हा पीककर्ज घेणाऱ्यास ती खरोखरच सक्तीची होती. सोसायटीत किंवा बँकेत कर्ज झाले की विम्याचा हप्ता आपोआप कापला जाई. २०२०च्या खरिपापासून ही सक्ती उठली. ज्या कर्जदार शेतकऱ्यास विमा नको असेल, त्याने अंतिम तारखेच्या निदान सात दिवस अगोदर तसे लेखी घोषणापत्र आपल्या बँकेकडे द्यावे लागते. ते न दिल्यास हप्ता कापला जातो आणि ती कपात नियमबाह्य ठरत नाही. महाराष्ट्रात २०२३च्या खरिपापासून एक रुपयात विमा मिळू लागल्याने दोन वर्षे या कपातीकडे कोणी लक्षही दिले नाही. परंतु २०२५च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली असून शेतकऱ्याचा वाटा पुन्हा खरिपास विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत, रब्बीस दीड टक्क्यापर्यंत, आणि कांद्यासारख्या नगदी पिकांस ५ टक्क्यांपर्यंत गेला आहे. पर्जन्यछायेतल्या या तालुक्यात पीकविमा नाकारावा असे मी म्हणणार नाही. तो घ्यायचा की नाही हे आपण ठरवावे, आणि कोणत्या गटाच्या, कोणत्या पिकाच्या नावे तो उतरला आहे, हे पावतीवर पाहावे, एवढेच माझे सांगणे आहे.

आता पैशाचा हिशेब. गृहकर्जासोबतच्या विम्याचा हप्ता बहुधा एकरकमी असतो आणि तो कर्जाच्या मुद्दलातच मिळवला जातो, त्यामुळे कर्जदाराच्या खिशातून त्या दिवशी काहीच जात नाही आणि ‘हप्त्यात फारसा फरक पडत नाही’ हे वाक्य त्यास खरे वाटते. उदाहरणादाखल, एक लाख रुपयांचा विमाहप्ता ९ टक्के व्याजाने २० वर्षांच्या कर्जात मिळवला, तर मासिक हप्त्यात वाढ होते ती सुमारे ९०० रुपयांची. परंतु मुदतीअखेर त्या एका लाखापोटी भरलेली एकूण रक्कम होते सुमारे २ लाख १६ हजार. तेवढ्याच रकमेचे साधे मुदत विम्याचे कवच स्वतंत्रपणे, वार्षिक हप्त्याने घेतले असते तर किती पडले असते, ही चौकशी सही करण्यापूर्वी प्रत्येकाने करावी. ती करणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. १ ऑक्टोबर २०२४पासून नव्या किरकोळ आणि लघुउद्योग मुदतकर्जांसोबत मुख्य तथ्य विवरणपत्र, ज्याला शाखेत सारे ‘केएफएस’ म्हणतात, देणे बंधनकारक आहे; त्यात विम्याची रक्कम वेगळी दाखवावी लागते, कर्जाच्या वार्षिक खर्चाच्या दरात ती धरावी लागते, आणि त्या पत्रकात नसलेले कोणतेही शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून घेता येत नाही. तक्रारीच्या वेळी या एका कागदाइतका बोलका पुरावा दुसरा नसतो.

‘विमा आहे, म्हणजे काहीही झाले तरी कर्ज माफ’ हा समज याच्या अगदी उलट टोकाचा, आणि घरच्या मंडळींना अधिक जाचक. बहुतेक कर्जसंरक्षण विमे केवळ मृत्यूची जोखीम घेतात. माग बंद पडला, नोकरी गेली, आजारपणाने काम थांबले, तर त्यांतून काही मिळत नाही, जोपर्यंत ते कलम स्वतंत्रपणे घेतलेले नाही. कवचाची रक्कम बहुधा कर्जाच्या वेळापत्रकाप्रमाणे वर्षानुवर्षे घटत जाते. नवरा-बायको दोघे कर्जदार असले तरी विमा पुष्कळदा एकाचाच असतो. आणि पूर्वीचे आजारपण अर्जात लपवले गेले असेल, मग ते प्रतिनिधीने स्वतःच रकाने भरल्यामुळे का असेना, तर दावा अडतो. १९३८च्या विमा कायद्याचे ४५ वे कलम तीन वर्षांनंतर पॉलिसीवर आक्षेप घेण्यास मनाई करते, हा मोठाच आधार आहे. तथापि पहिल्या तीन वर्षांत तो मिळत नाही. कोऱ्या अर्जावर सही करू नये, ही सूचना त्यासाठी.

गटकर्ज घेणाऱ्या स्त्रियांची स्थिती आणखी नाजूक असते, कारण तेथे रक्कम लहान, आठवड्याची वसुली ठरलेली, आणि प्रश्न विचारणारीकडे साऱ्या गटाचे डोळे लागलेले. त्यांच्यासाठीही नियम आहे : रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या सूक्ष्मकर्ज निर्देशांनुसार विम्यासारखी कर्जाबाहेरची कोणतीही गोष्ट कर्जदाराच्या पूर्ण संमतीनेच देता येते आणि तिचे शुल्क कर्जाच्या कार्डावर लिहावे लागते. कार्डावर ते लिहिलेले नसेल, तर विचारण्याचा हक्क आहे. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये हेही संमतीनेच कापायचे असतात. दोन्ही योजना स्वस्त आणि चांगल्या आहेत, मात्र दोन बँकांतून एकाच योजनेचा हप्ता दोनदा गेला म्हणून रक्कम दोनदा मिळत नाही, हे ठाऊक असावे.

‘सही केली, आता काही होणे नाही’ असे म्हणून जे लोक हात टेकतात, त्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाची वस्तुस्थिती अशी की आयुर्विम्याचा दस्तऐवज मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत, तो पसंत नसल्यास, परत करता येतो. पूर्वी ही मुदत सामान्यतः १५ दिवसांची होती. १ एप्रिल २०२४पासूनच्या नियमांनी ती सरसकट ३० दिवस झाली. मधल्या दिवसांच्या जोखमीचा हिस्सा, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांकशुल्क वजा करून बाकी हप्ता परत मिळतो. बँकेच्या गटविम्यात कर्जदाराच्या हाती पॉलिसीऐवजी विमा प्रमाणपत्र येते, आणि ते अलीकडे ई-मेलने किंवा मोबाइलवरच्या दुव्याने येत असल्याने उघडलेच जात नाही. मुदत मात्र ते पोचल्यापासून चालू होते. तीस दिवस उलटले तरी सारे संपले असे नाही. चुकीची माहिती देऊन, किंवा संमतीवाचून, विमा विकला गेल्याची तक्रार त्यानंतरही करता येते. आणि कर्ज मुदतीआधी फेडले किंवा दुसऱ्या बँकेत हलवले, तर एकरकमी हप्त्याच्या विम्यात उरलेल्या काळापोटी काही परतावा पुष्कळदा देय असतो, तो अर्ज केल्याशिवाय मिळत नाही.

इंग्लंडातील ‘पीपीआय’ प्रकरणाची वार्ता ज्यांच्या कानी आली आहे, त्यांना वाटते की येथेही सरकार एके दिवशी सर्वांचे पैसे परत करील. तेथे घडले ते असे : कर्जांवर आणि गहाणखतांवर असाच संरक्षण विमा लाखो लोकांस विकला गेला, ज्यांत बेकारीच्या विम्याचा लाभ मुळीच मिळू न शकणारे स्वयंरोजगारी लोकही होते, २००५ साली सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने औपचारिक तक्रार दाखल केली, एप्रिल २०११मध्ये उच्च न्यायालयात बँका हरल्या, २०१४मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, एका कर्जदार स्त्रीच्या हप्त्यातील ७० टक्क्यांहून अधिक भाग दलाली म्हणून गेला आणि तो तिला सांगितला गेला नाही, हे अन्याय्य ठरवले, आणि २९ ऑगस्ट २०१९ या अखेरच्या तारखेपर्यंतच्या दाव्यांपोटी बँकांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत करावी लागली. तथापि तेथेही पैसे मिळाले ते प्रामुख्याने अर्ज करणाऱ्यांना, आणि ज्यांनी मध्यस्थ कंपन्या नेमल्या त्यांच्या परताव्याचा मोठा हिस्सा त्या कंपन्यांनी नेला. भारतात अशी सरसकट परताव्याची योजना नाही. येथे ज्याने त्याने आपली तक्रार करायची आहे.

ती करण्यास वकील लागत नाही आणि दलाल तर नाहीच. प्रथम विमा कंपनीला आणि बँकेलाही लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी. विमा कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नाही, अथवा दिलेले समाधानकारक नसले, तर विमा लोकपालाकडे जावे. नाशिक जिल्हा पुण्याच्या कार्यालयाच्या कक्षेत येतो, शुल्क काही नाही, अधिकार ५० लाख रुपयांपर्यंतचा आहे, आणि कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. दोष बँकेच्या वर्तनात असेल तर, तीस दिवसांनंतर, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज करता येतो. पतसंस्था मात्र त्या कक्षेत नाहीत. त्यांच्याविषयी सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडे जावे लागते. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग नाशकात खुला आहेच, त्यासाठी मुदत दोन वर्षांची. विमा प्राधिकरणाचा १५५२५५ आणि राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा १९१५ हे क्रमांक विनामूल्य आहेत. ‘आम्ही प्राधिकरणातून बोलतो, तुमचा बोनस अडकला आहे, इतके भरा’ असे सांगणारा दूरध्वनी आला तर तो ठगाचा समजावा. प्राधिकरण विमा विकत नाही आणि बोनस वाटत नाही.

तक्रार केली म्हणून बँक कर्ज परत मागेल, ही भीती निराधार आहे. करार पाळणाऱ्या कर्जदाराचे कर्ज केवळ तक्रारीसाठी मागे घेता येत नाही. पण रागाच्या भरात हप्ता थांबवण्याची चूक मात्र कोणी करू नये, कारण थकबाकीची नोंद पतअहवालात होते आणि न्याय्य तक्रारीचेही बळ त्याने उणावते.

ज्यांचे कर्ज गेल्या महिनाभरात झाले आहे, त्यांनी आजच खातेउतारा, केएफएस आणि विमा प्रमाणपत्र हे तीन कागद समोर घेऊन बसावे, आणि विमा नको असेल तर तीस दिवस भरण्यापूर्वी विमा कंपनीच्या नावे अर्ज देऊन त्याची पोच जपून ठेवावी.